बावडीवाल्या पिक्चरचे पाच टप्पे

४ जानेवारी १९७४

कापड गिरणीचा एजंट दरवर्षी नव्या सालाची डायरी देतो. दरवर्षी ती माझा मुलगा पूनमचंद घेतो आणि तिच्यात काहीच लिहीत नाही. यंदा मी ठेवून घेतली. तो म्हणाला, "बाबा, तुमी काय लिव्हान इच्यात?" मी म्हणालो, "लिहीन." चौथी शिकलेल्या माणसाने लिहू नये असा सरकारी हुकूम निघालेला माझ्या ऐकिवात नाही.

काल माझ्या हातून एक गोष्ट घडली.

आमच्या अनसिंगच्या वाचनालयात वाशीमच्या कॉलेजातले गोटे सर व्याख्यानाला आले होते. विषय होता गोष्टीची रचना. त्यांनी फळ्यावर पाच चौकोन काढले. म्हणाले, जगातली कुठलीही गोष्ट घ्या, ती या पाच टप्प्यांनी जाते. पहिला, सगळं ठीक चाललेलं असतं. दुसरा, काही तरी बिघडतं. तिसरा, बिघडल्याचं लोकांच्या ध्यानात येतं. चौथा, ते दुरुस्त करण्याची धडपड. पाचवा, पुन्हा सगळं ठीक. मला फार आवडलं. माझ्या आयुष्यात कोणी इतकं नीट काही समजावून सांगितलेलं नाही.

मग ते म्हणाले, मी सत्तावीस तारखेला पुन्हा येतो. तोवर तुमच्यापैकी कोणी तरी आपल्याला माहीत असलेली एक गोष्ट या चौकोनांत बसवा आणि इथे उभं राहून बोला. कोणी हलेना. आणि माझा हात वर गेला. कसा गेला ते मला सांगता येणार नाही.

"कोणती गोष्ट घेता, काका?"

मला काही सुचेना. मी म्हणालो, "बावडीवाला पिक्चर."

सगळे हसले. वाचनालयाचे अध्यक्ष गुलाबचंद, म्हणजे माझी स्वर्गवासी बायको हीराबाई हिचे थोरले भाऊ, चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. घरी येताना म्हणाले, "जिनदासजी, मंदिरात चार लोक आपल्याले मानतेत. भुताच्या पिक्चरवर भाषन देता का आता?"

आज सकाळी नाव मागे घ्यायला निघालो होतो. दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो. हसले म्हणून मागे घ्यायचं? नाही घेणार.

६ जानेवारी

पिक्चर सगळ्यांना पाठ आहे. लखीरामचा तंबू दर हिवाळ्यात एसटी स्टँडच्या बाजूला पडतो आणि हा पिक्चर दरसाल त्यात येतोच. जुना आहे, मधे मधे पावसासारख्या रेघा पडतात, तरी गर्दी. तरीही क्रमाने लिहून काढतो.

एका ठाकुराची हवेली. कालव्याची मोजणी करायला एक ओव्हरसियर येतो आणि हवेलीत उतरतो. अंधार पडला की पांढऱ्या लुगड्यातली एक बाई हातात दिवा घेऊन बावडीकडे, पायऱ्यांच्या विहिरीकडे, जाते आणि गाणं म्हणते. सकाळी हवेलीची सगळी दारं उघडी सापडतात. नोकर पळून जातात. ओव्हरसियर शोध लावतो की ती ठाकुराची, बावडीत मेलेली भावजय. शेवटी होम करतात, बावडी मातीने बुजवतात, आणि ओव्हरसियरचं ठाकुराच्या पोरीशी लग्न लागतं. बँड वाजतो.

पाच टप्पे सहज बसतील असं वाटतं. उगाच घाबरलो.

कंचन, माझी मुलगी, दिवाळीआधी चार दिवसांसाठी माहेरी आली ती अजून इथेच आहे. वाशीमजवळच्या मालेगावचे व्याही निरोपावर निरोप धाडतात. ही पोरगी स्वयंपाकघराचं दार भर थंडीत उघडं टाकून बसते. रात्री आपल्या खोलीचंही लोटत नाही. माझा खोकला तिच्यामुळेच वाढला आहे. तीनदा सांगितलं. "हो बाबा" म्हणते आणि पुन्हा तेच.

११ जानेवारी

काल जानरावबरोबर पहिला खेळ पाहिला. जानराव शेतकरी माणूस, माझ्या कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर त्याचा अर्धा दिवस जातो; दुकानदार म्हणून सगळ्या गावासारखा तोही मला सावजी म्हणतो. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलेला पाहून त्याने सगळ्या तंबूला सांगितलं, "चूप बसा बे! सावजी भुताचं माप घेऊन राह्यले. ब्लाउज शिवाचा हाय तिच्यासाठी!"

लखीरामच्या तंबूत पडदा मध्यभागी असतो. मशीनच्या बाजूला पुरुष, पडद्याच्या पलीकडे बायका. कापड पातळ, चित्र आरपार उतरतं. वर्षानुवर्षं असंच आहे. पूनमचंदची बायको भागिरथी आणि कंचन पलीकडे बसल्या होत्या.

भूत आलं की आमच्या बाजूला एकच कल्ला. शिट्या, आरोळ्या, कोणी पुढच्याच्या मानेवर थंडगार हात ठेवतो. जानराव स्वतः दरसाल पाहतो आणि दरसाल माझं मनगट धरतो.

घरी आल्यावर मी टिपण वाचून दाखवलं, "बाई हवेलीतून निघून डाव्या हाताले जाते, तिकडं बावडी."

कंचन म्हणाली, "उजव्या हाताले, बाबा."

"डाव्या. म्या लिहून घेतलं."

"तुमी काईबी लिव्हा. ती उजव्या हाताले गेली."

मला राग आला. अर्धा तास वाद झाला. शेवटी भागिरथी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मामंजी, आमी उलट्या बाजूनं पाह्यतो ना." इतकी साधी गोष्ट. इतकी वर्षं हीराबाई पलीकडे बसून हाच पिक्चर पाहत असे आणि परत येताना वाटेत आम्ही त्याच्यावर बोलत असू. तिने काय पाहिलं ते मी कधी विचारलंच नव्हतं. डावं-उजवं सोडा, काहीच नाही.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. अडचण उभी राहिली आहे.

पहिला टप्पा, सगळं ठीक. पिक्चर सुरू होतो तेव्हा हवेलीत ठाकुराच्या पोरीचा वाढदिवस असतो. दिवे, मिठाई, नाच. मी चौकोनात लिहिलं, "हवेलीत आनंद आहे." लिहिलं आणि पेन्सिल थांबली. ती भावजय तर तेव्हा मेलेली आहे. ती आधीच बावडीत आहे आणि वर वाढदिवस चालला आहे. मग ठीक काय आहे?

जानरावला विचारलं. तो म्हणाला, "ठाकुराचं ठीक हाये ना, सावजी? मंग झालं! तुमी काहून जिवाले त्रास करून घेता?"

दुपारी गुलाबचंद आले. कंचनच्या लग्नाची मध्यस्थी त्यांचीच, त्यामुळे त्यांना तोंड दाखवायला जागा नाही म्हणतात. खरंच थकलेले दिसले. पौषात पाठवणी करू नये म्हणून इतके दिवस गप्प बसलो, पण पौष संपला की लगेच पोहोचवा, असं म्हणाले. "दिवाळीपावतर सगळं ठीक होतं. पोरगी इथं येऊन बसली तवापासून बिघडलं. आता आपन मोठ्यांनी ते नीट करायचं. ती तिच्या घरी गेली का सगळं पह्यल्यासारखं."

कंचन पाणी घेऊन आली. त्यांनी विचारलं, "सगळं ठीक हाये ना, बाई?" ती म्हणाली, "हो, मामा."

ते गेल्यावर मला एकदम ध्यानात आलं की गुलाबचंद बोलले ते तंतोतंत पाच टप्पे आहेत. एकही चौकोन रिकामा राहत नाही. म्हणजे गोटे सरांचं शास्त्र खरं आहे. हा पिक्चरच मेला वाकडा आहे.

१९ जानेवारी

भूत नेमकं काय करतं याची यादी करायला बसलो. मारत नाही. कोणाच्या अंगात येत नाही. ओव्हरसियर झोपलेला असतो तेव्हा त्याच्या उशाशी उभी राहते आणि निघून जाते. करते एवढंच की दारं उघडते. माजघराचं, कोठाराचं, तळघराचं. एका खोलीचं दार ती दोनदा उघडते. एवढ्यासाठी चार पंडित बोलावून होम करायचा?

आज घरात वाईट झालं. दुपारी वारा फार होता. कंचन आत कोठीत गहू काढत होती आणि दार पुन्हा सताड उघडं. मी दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. फक्त वाऱ्यासाठी. गहू काढून झाले की हाक मारेल, काढीन, असं मनात होतं.

तिने हाक मारली नाही. ती ओरडली. दोन्ही हातांनी दार बडवायला लागली. शेजारच्या बायका धावत आल्या. कडी अडकली, मला निघेना. भागिरथीने मला ढकलून काढली. पोरगी भिंतीला पाठ लावून बसलेली, तोंड राखेसारखं, बोटांना रक्त.

मी म्हणालो, "अवं, म्याच लावली होती. वारा येऊन राह्यला होता." ती माझ्याकडे बघेना.

पित्त झालं असेल. थंडीत सकाळी काही खात नाही ही. पण भागिरथी मला नंतर म्हणाली, "मामंजी, याच्यापुढं या घरात कोनत्याच दाराले बाहेरून कडी नका लावू." सून माझ्याशी अशा आवाजात कधी बोललेली नाही. मी काय गुन्हा केला? पूनमचंदला सांगून सगळ्या कड्यांना तेल घालायला पाहिजे, अडकतात.

२२ जानेवारी

आज मी जे केलं त्याची गावात चर्चा होणार. होऊ द्या.

दिवस मावळण्याआधी तंबूवर गेलो आणि लखीरामला म्हणालो, मला आज पलीकडे बसायचं आहे.

"बायांत?"

"कोपऱ्यात बसतो. पोरगी अन् सून हायेत संग."

"सावजी, माह्या तंबूले आग लावान तुमी. एका मानसाले बसू देलं तर उद्या गावचे सारे पोट्टे येतीन म्हतारे होऊन."

मी म्हणालो, मी हलणार नाही, आणि तिकिटाच्या खिडकीपुढे उभा राहिलो. मागे रांग लागली. लोक ओरडायला लागले. शेवटी त्याने आपलीच खुर्ची दिली, अगदी कडेला, आणि सांगितलं, डोक्यावरून उपरणं घ्या. एक म्हातारी म्हणाली, "हे कोन म्हतारी आली वो मिशीवाली?" सगळ्या बायका इतक्या हसल्या की सुरुवातीचा वाढदिवस कोणी पाहिलाच नाही.

मग ती आली, दिवा घेऊन. पडद्यापलीकडून पुरुषांच्या शिट्या ऐकू येत होत्या. इकडे कोणी ओरडलं नाही. एवढ्या बायका, आणि बाळाच्या रडण्याशिवाय आवाज नाही. माझ्या शेजारची हळूच म्हणाली, "अनवानी हाये वो. काट्याकुट्यातून चालून राह्यली." दुसरी म्हणाली, "सासरचे चप्पल काढून घेतेत पह्यले." मी इतक्या वेळा हा पिक्चर पाहिला. तिचे पाय मी आज पाहिले. आमच्या बाजूला सगळे म्हणतात की पाय उलटे आहेत. उलटे नाहीत. नुसते उघडे आहेत.

ती त्या खोलीचं दार दुसऱ्यांदा उघडते तेव्हा पुढच्या दोघी-तिघी रडत होत्या. भीती कुठेच नव्हती. मला वाटलं मी वेगळ्याच पिक्चरला आलो.

आणि बावडी बुजवायला घेतली तशा बायका उठायला लागल्या. पोरं खांद्यावर टाकली, चालल्या. लग्न बाकी, बँड बाकी. लखीराम म्हणाला, "दरसाल याच जागी उठतेत. घरी भाकरी टाकाच्या असतीन." मला ते खरं वाटलं नाही.

वाटेत भागिरथी मुद्दाम पुढे निघून गेली. मी कंचनला विचारलं, "त्या बाईले पाहिजे तरी काय होतं?"

ती म्हणाली, "काई नाई. दार उघडं पाहिजे होतं."

आणि तिथेच, रस्त्यावर, तिने सांगितलं. मालेगावला घरामागे सरकी ठेवायची खोली आहे. खिडकी नाही. उलट बोललं, भाजी खारट झाली, जावयाच्या मनासारखं झालं नाही, की आत घालून बाहेरून कडी. कधी दिवे लागेपर्यंत. कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. सासू दाराबाहेर बसून तांदूळ निवडायची आणि शेजारणीला सांगायची, सून झोपली आहे.

मी म्हणालो, "मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं नाई. मामा इचारत सगळं ठीक हाये ना, मंग मी हो म्हनो. त्याले दुसरं उत्तर कुठं हाये?"

२३ जानेवारी

कोठीच्या कडीचा आवाज कानातून जात नाही. मी स्वतः लावली. माझ्या हाताने.

पूनमचंदला सांगितलं. तो आधी म्हणाला, प्रत्येक घरात थोडंफार असतं. मग भागिरथीने त्याच्याकडे पाहिलं आणि तो दुकानात निघून गेला. तासाभराने हातोडी घेऊन आला आणि घरातल्या सगळ्या बाहेरच्या कड्या उपटून काढल्या.

पहिला चौकोन खोडून टाकला आहे. आता काय बोलू? चार दिवस उरले. पौष आज संपला.

२७ जानेवारी

झालं.

वाचनालय भरलं होतं. भूत पाहायला म्हणून आले होते लोक. गोटे सर, त्यांच्या बाजूला अध्यक्षाच्या खुर्चीत गुलाबचंद, पुढे घंटी. कंचन आणि भागिरथी दाराशी बसल्या.

उभा राहिलो. कागद हातात उलटा होता. जानराव मागून ओरडला, "सावजी, दिवा लावू का?" हशा झाला. त्या हशाने माझी जीभ सुटली.

मी म्हणालो, "सरांनी शिकवलं का पह्यल्या टप्प्यात सगळं ठीक असते. म्या तीन आठवडे धुंडलं. या पिक्चरमंदी ते नाई. ठाकुराच्या पोरीचा वाढदिवस हाये, अन् एक बाई बावडीत हाये. वरचे मिठाई खातेत म्हनून ठीक म्हनायचं का? बिघाड आधीचाच हाये. भूत आल्यावर बिघडलं असं हवेली म्हनते. भूत आलं म्हनून बिघाड दिसला."

कोणी तरी टाळी वाजवली, चेष्टेने. मी थांबलो नाही.

"पाचव्या टप्प्यात पुन्हा सगळं ठीक. कसं ठीक केलं? ठाकुराले कोनी इचारलं का? नाई. तिच्यावर माती टाकली. तिनं दार उघडलं, तुमी बावडी बुजवली. आपल्या बाया तिथंच उठून जातेत, दरसाल. आमी मानसं बँड आयकत बसतो. म्या बी बसलो, इतके साल."

गुलाबचंदांनी घंटी वाजवली. म्हणाले, वेळ झाला. झाला नव्हता. मी म्हणालो, "भाऊ, अजून चौथा टप्पा बाकी हाये." ते म्हणाले, "खाली बसा, जिनदासजी. घरच्या गोष्टी इथं नका आनू." सगळी सभा दाराकडे वळून पाहायला लागली. कंचनचं नाव मी घेतलं नव्हतं. ते गुलाबचंदांनीच, न घेता, घेतलं. ती मान खाली घालेल असं मला वाटलं. नाही घातली.

गोटे सर मात्र गंभीर होते. म्हणाले, "काका, पहिला टप्पा म्हणजे न्याय नव्हे. गोष्ट सांगणारा ज्याला ठीक समजतो ते. तेवढंच त्यात मांडायचं असतं. चौकट चुकत नाही."

असेल. त्यांचा अभ्यास मोठा आहे आणि अर्धं मला कळलंही नाही. पण तेव्हा तोंडातून निघून गेलं, "मंग सांगनारा बदलून पाहा, सर."

त्यांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं. खरोखर लिहिलं की हात हलवला, मला दिसलं नाही. बोललो त्याचा पस्तावा नाही.

२ फेब्रुवारी

गुलाबचंद मालेगावच्या व्याह्यांना आणि जावयाला घेऊन आले. न कळवता. जावई नवी टोपी घालून आलेला, माझ्या पाया पडला. मला एक क्षण वाटलं, बरा तर आहे पोरगा. माझा स्वभाव असा. समोर माणूस वाकला की मी ढिला पडतो.

व्याही म्हणाले, "झालं गेलं जाऊ द्या. गाडी चारची हाये. पोरीले तयारी करू द्या."

गुलाबचंद म्हणाले, "शब्द देल्ला हाये म्या, जिनदासजी. माही मान खाली नका घालू."

मी सरकीच्या खोलीचं विचारलं. व्याही हसले. "अवो, शिस्त असते घरात. तेवढं कोनाच्या घरात नाई?" जावई टोपी नीट करू लागला.

मी कंचनला बोलावलं. पुरुषांच्या बैठकीत, खुर्ची देऊन, मध्ये बसवलं. व्याह्यांच्या भुवया वर गेल्या. मी तिला म्हणालो, "बाई, सगळं ठीक हाये का असं मी इचारत नाई. तुले काय पाहिजे ते सांग."

पूनमचंद खाकरला. मग ती म्हणाली, "मले ठाव नाई, बाबा. मले असं कोनी कधी इचारलं नाई. मले इचार करा लागन."

"कर."

"किती येळ?" व्याही म्हणाले.

मी म्हणालो, "तिले लागन तेवढा. तुमी बसा. नाई तर चारची गाडी हायेच."

ते बसले. भागिरथीने चहा दिला. पुन्हा दिला. कंचन खुर्चीत बसून विचार करत होती, खरोखर करत होती, कपाळाला आठी घालून, शाळेतल्या पोरीसारखी. मला भीती वाटत होती. तिने काही भलतंच मागितलं तर? परत जाते म्हणाली तर? जायला निघाली तर मला जाऊ द्यावं लागेल, हे त्याच वेळी डोक्यात आलं.

साडेतीनला जावई उठला. म्हणाला, "हे काय नाटक लावलं?" आणि तिच्याकडे हात केला, उठवायला. पूनमचंद मधे उभा राहिला. माझा पूनमचंद, जो गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकत नाही. म्हणाला, "भाऊजी, तिचा इचार होऊन राह्यला. हात खाली."

ते गेले. गुलाबचंद मागे रेंगाळले. मला वाटलं शिव्या देतील. ते कंचनला म्हणाले, "त्या खोलीचं खरं हाये का, बाई?" ती म्हणाली, "हो, मामा." ते पायात जोडे न घालता, हातात घेऊन पायऱ्या उतरले.

६ फेब्रुवारी

काल संध्याकाळी कंचन म्हणाली, "बाबा, मले मंगरूळले जाऊन याचं हाये. एकटीनं."

"कायले?"

"असंच. जाऊन येतो."

मंगरूळपीरला आमचं कोणी नाही. वाशीमला गाडी बदलावी लागते. तिथे गर्दी, पाकीटमार, आणि मालेगावची माणसं बाजाराला येतात. मी रात्रभर हेच मोजत होतो. सकाळी म्हणालो, "जा."

ती गेली. पूनमचंदने दोनदा विचारलं, "मी मागून जाऊ का?" दोनदा म्हणालो, "बस खाली." तिसऱ्यांदा मीच उठलो आणि मीच खाली बसलो. गिऱ्हाइकाने मांजरपाट मागितलं तर मी छीट फाडली. जानराव म्हणाला, "सावजी, पोरगी मंगरूळले गेली, लंकेले नाई."

तीनची गाडी आली. त्यात नव्हती. साडेचारची आली. त्यातही नाही. भागिरथीने माझं ताट वाढलं, कारण आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही. मी म्हणालो, ती आल्यावर. तिने ताट झाकलं. सूर्य कडुलिंबाच्या शेंड्यावर आला, मग मागे गेला. भागिरथी म्हणाली, "मामंजी, जेवून घ्या, उपाशी राहान." मी हललो नाही. सूर्य बुडाला. आता आज जेवण नाही. ते मी ठरवून केलं आणि पूनमचंदलाही तिच्या मागे जाऊ दिलं नाही. तेवढं एक माझ्या हातात होतं.

शेवटच्या गाडीतून उतरली. तोंडावर धूळ, हातात काही नाही. मी विचारलं, कुठे होतीस?

"फिरली. दर्ग्यापाशी बसली जरासक. बाजार पाह्यला. मंग खानावळीत जेवली, बाबा, दिवस मावळ्याआधी. एकटीच, टेबलावर. तो मानूस म्हने, संग कोन हाये? मी म्हटलं, कोनी नाई, वाढा."

"काय वाढलं?"

"बेसन अन् भाकर."

"कांदा नव्हता ना त्याच्यात?"

ती हसायला लागली. दिवाळीपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "इचारलं नाई," म्हणाली आणि आत पाय धुवायला गेली.

कांदा होता. वास येत होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागे गेलो.